बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम घेण्यापूर्वी: ताकद, सोयी आणि किंमत यांची तुलना कशी करावी

बुद्धिबळाचा प्रोग्रॅम घ्यायला निघालेला खेळाडू किंवा त्याचे पालक पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतात की, सर्वांत ताकदवान प्रोग्रॅम कोणता. या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत. टोर्ड रोमस्टाड, मार्को कोस्टाल्बा आणि जूना कीस्की यांनी २००८ साली सुरू केलेले स्टॉकफिश हे इंजिन गेली अनेक वर्षे जगातल्या सर्वांत बलाढ्य इंजिनांमध्ये गणले जाते. ते मुक्त परवान्याखाली मिळते आणि कोणीही ते उतरवून घेऊन आपल्या संगणकावर किंवा फोनवर चालवू शकतो. केवळ ताकदीची तुलना करायची असेल, तर पैसे खर्च करण्याचे कारण तिथेच संपते. तरीही पैसे मोजून घ्यावेत असे काही प्रोग्रॅम आहेत आणि त्यांचे मोल ताकदीबाहेरच्या गोष्टींत आहे. त्या गोष्टी कोणत्या, त्या स्वतः कशा तपासाव्यात आणि मग किंमत कशी जोखावी, हे येथे सविस्तर मांडतो. मी काही वर्षे मुलांना बुद्धिबळ शिकवत आलो आहे. चुकीच्या प्रोग्रॅमवर गेलेले पैसे, आणि त्याहून वाईट म्हणजे मावळलेला उत्साह, मी जवळून पाहिला आहे.

आधी वस्तू वेगळ्या करा

‘प्रोग्रॅम’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली वस्तू म्हणजे इंजिन, जे चाल शोधते आणि स्थितीचे मूल्यमापन आकड्यात सांगते. दुसरी म्हणजे इंटरफेस, म्हणजे पडद्यावर दिसणारा पट, चालींची यादी, टिपा लिहिण्याची जागा, सराव आणि विश्लेषणाच्या सोयी. तिसरी म्हणजे डेटाबेस, म्हणजे आजवर खेळल्या गेलेल्या डावांचा संग्रह. जाहिरातीत या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात. पण तुलना करताना प्रत्येकीची स्वतंत्र किंमत मनाशी लावायला हवी, कारण त्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन एकत्र जोडता येतात.

ही जोडणी शक्य झाली ती दोन मानकांमुळे. श्रेडर या नावाजलेल्या इंजिनाचे कर्ते स्टेफान मायर-कालेन आणि त्यांचे सहकारी रुडॉल्फ हूबर यांनी २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये यूसीआय नावाची पद्धत जाहीर केली. इंजिन आणि इंटरफेस यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे हे तिच्यात ठरवलेले आहे. त्याआधी १९९३ मध्ये डाव साध्या मजकुराच्या फाईलमध्ये नोंदवण्याची पीजीएन ही पद्धत आली होती. त्यामुळे एखाद्या विकतच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉकफिश बसवता येते आणि एका प्रोग्रॅममध्ये साठवलेले डाव दुसऱ्यात उघडता येतात. घ्यायच्या प्रोग्रॅमला ही दोन्ही मानके चालतात की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. चालत नसतील, तर बाकी काहीही चांगले असले तरी तो प्रोग्रॅम मी घेणार नाही. त्यात साठवलेले आपलेच डाव पुढे त्याच्यातच अडकून पडतात.

विकतचे काही घेण्यापूर्वी एक फुकटची जोडी बसवून पाहावी आणि तिला तुलनेचे माप म्हणून वापरावे. विंडोजवर अरिना, स्किड व्हर्सेस पीसी किंवा ल्यूकास चेस यांपैकी एखादा मोफत इंटरफेस घ्यावा. मॅकवर किंवा लिनक्सवर एन क्रोईसाँ हा नवा मोफत इंटरफेस चालतो. अँड्रॉइड फोनवर ड्रॉइडफिशमध्ये स्टॉकफिश आधीच बसवलेले असते. शिवाय लीचेस हे संकेतस्थळ आहे. ते २०१० साली थिबो द्युप्लेसी यांनी सुरू केले, देणग्यांवर चालते, त्यावर जाहिराती नाहीत आणि त्यातली प्रत्येक सोय सर्वांना मोफत आहे. यांतले दोन-तीन पर्याय आठवडाभर वापरल्यावर आपल्याला नेमके काय कमी पडते ते स्वतःलाच कळू लागते. विकतच्या प्रोग्रॅमकडे त्यानंतर, आणि त्या उणिवेपुरतेच पाहावे.

ताकदीचे आकडे कसे वाचावेत

खोक्यावर किंवा संकेतस्थळावर ‘३५०० हून अधिक रेटिंग’ असे छापलेले असते. मॅग्नस कार्लसनचे फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, यादीतले आजवरचे सर्वोच्च रेटिंग २८८२ आहे, हे ज्यांना माहीत असते ते या आकड्याने भारावून जातात. परंतु हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. इंजिनांची रेटिंगे सीसीआरएल किंवा सीईजीटी यांसारख्या याद्यांमधून येतात आणि त्या याद्यांत इंजिने फक्त एकमेकांशी खेळतात. रेटिंग ही तुलनेची संख्या आहे. ज्या समूहात ती मोजली, त्या समूहाबाहेर तिला अर्थ राहत नाही. एकाच यादीतील, एकाच वेळमर्यादेवरील आणि सारख्याच यंत्रावरील दोन आकड्यांचीच तुलना करावी.

आता त्या फरकाचा आपल्याला उपयोग किती, हे पाहू. दोन इंजिनांत २० रेटिंग गुणांचा फरक असेल, तर वरचढ इंजिनाला १०० डावांत सरासरी ५३ गुण मिळतील. १५०० रेटिंगच्या खेळाडूला हा फरक पटावर कधीही जाणवणार नाही, आणि २२०० च्या खेळाडूलाही नाही. २००६ साली बॉनमध्ये डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमने तेव्हाचा विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिक याला ४-२ असे हरवले होते. त्यानंतरच्या काळात इंजिने इतकी पुढे गेली आहेत की, माणसाशी तुलना करण्यापुरते पाहिले तर साध्या फोनमधले इंजिनही गरजेपेक्षा कितीतरी अधिक ताकदवान आहे.

कोणाला घरच्या घरी दोन इंजिनांचा सामना लावून पाहायचा असेल तर तो जरूर लावावा, पण नियम पाळून. दोन्ही इंजिनांना सारखेच धागे, म्हणजे प्रोसेसरचा सारखाच वाटा द्यावा. सारखीच हॅश स्मृती, म्हणजे तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्याची जागा, द्यावी. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय बंद ठेवावी. आणि ठरावीक सुरुवातींची एक यादी घेऊन प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवावी. मुख्य चूक होते ती डावांच्या संख्येत. १०० डावांपैकी निम्मे बरोबरीत सुटले आणि एका इंजिनाला ५५ गुण मिळाले, तर त्याचा अर्थ सुमारे ३५ रेटिंग गुणांची आघाडी असा होतो. पण इतक्या डावांत दोन्ही बाजूंना सुमारे ५० रेटिंग गुणांची अनिश्चितता असते. म्हणजे त्या निकालावरून कोण वरचढ हे ठरत नाही. दहा-वीस डावांच्या चित्रफिती पाहून मत बनवणाऱ्यांनी हे गणित लक्षात ठेवावे.

सेकंदाला किती स्थिती तपासल्या आणि किती खोलीपर्यंत, म्हणजे किती चाली पुढे, पाहिले, हे आकडेही प्रोग्रॅमगणिक बदलतात आणि त्यांची आपापसात तुलना होत नाही. साध्या लॅपटॉपवर स्टॉकफिश सेकंदाला लाखो स्थिती पाहते. लीला चेस झीरो हे न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे डावांवरून शिकलेल्या गणिती जाळ्यावर, आधारलेले मुक्त इंजिन त्याच्या तुलनेत फार थोड्या स्थिती पाहते, कारण एकेका स्थितीवर ते कितीतरी अधिक हिशेब करते. चांगले ग्राफिक्स कार्ड असेल तर लीला पहिल्या ओळीत बसते. तसे कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर तिची ताकद बरीच घटते. खोलीचेही तसेच आहे. प्रत्येक इंजिन निरुपयोगी वाटणाऱ्या शाखा आपापल्या रीतीने छाटते, म्हणून एकाची ३० खोली आणि दुसऱ्याची ३० खोली यांत साम्य फक्त आकड्यापुरतेच असते.

ताकदीच्या नावाखाली पैसे कसे जातात याचे जाहीर उदाहरण २०२१ सालचे आहे. चेसबेस या हाम्बुर्गच्या कंपनीने फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन सुमारे १०० युरोंना विकायला आणले. स्टॉकफिशच्या कर्त्यांनी दाखवून दिले की, ते मुळात स्टॉकफिशच होते. त्यात वेगळे न्यूरल नेटवर्क बसवून किरकोळ बदल केलेले होते. परवान्याच्या भंगाबद्दल त्यांनी जुलै २०२१ मध्ये जर्मनीत दावा दाखल केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता होऊन त्या इंजिनाची विक्री थांबली. याच कंपनीचा डेटाबेस प्रोग्रॅम मात्र व्यावसायिक खेळाडूंच्या हातात आजही दिसतो आणि तो रास्तपणे दिसतो. म्हणूनच कंपनीच्या नावावरून निर्णय न घेता वस्तूगणिक निर्णय घ्यावा. कोणतेही विकतचे इंजिन पुढे आले, तर ते कोणत्या मुक्त इंजिनावर बेतलेले आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारावा.

हरणारे यंत्र चांगले हरते का

माझ्या मते शिकणाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाची कसोटी ही आहे आणि तुलनेच्या लेखांत तिलाच सर्वांत कमी जागा मिळते. आपल्याला इंजिनाशी पूर्ण ताकदीने खेळायचे नसते. आपल्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळायचे असते. यंत्राला दुबळे करणे हे त्याला ताकदवान करण्याइतकेच अवघड काम आहे. स्टॉकफिशमध्ये कौशल्याच्या ० ते २० अशा पातळ्या आहेत आणि १३२० ते ३१९० या पट्ट्यात रेटिंग ठरवून देण्याचीही सोय आहे. पण ही दुबळी केलेली इंजिने बहुतेक वेळा दहा चाली ग्रँडमास्टरसारख्या खेळतात आणि अकराव्या चालीला काही कारण नसताना हत्ती सोडून देतात. माणूस असा चुकत नाही. माणूस घाईत चुकतो, लांबून येणारा उंट त्याच्या नजरेतून निसटतो, आपल्याच बेतात गुंतून तो समोरच्याची धमकी पाहत नाही. ज्या मुलाला अशा चुकांचा फायदा घ्यायला शिकायचे आहे, त्याला कारणाविना फेकलेल्या हत्तीपासून काहीही शिकायला मिळत नाही. उलट ‘थांबून राहिले की समोरचा काहीतरी टाकतोच’ अशी वाईट सवय लागते.

या बाबतीत २०२० साली टोरोंटो विद्यापीठ, कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च येथील संशोधकांनी पुढे आणलेले माया हे इंजिन मला फार मोलाचे वाटते. सर्वोत्तम चाल शोधणे हा त्याचा हेतूच नाही. लीचेसवर खेळल्या गेलेल्या लाखो डावांवरून, ११०० पासून १९०० पर्यंतच्या प्रत्येक शंभर गुणांच्या टप्प्यावर माणूस कोणती चाल खेळेल, हे ओळखायला ते शिकलेले आहे. ते फुकट आहे, लीचेसवर त्याच्याशी थेट खेळता येते आणि ते पुढच्या चालींचा शोध न घेता चालत असल्यामुळे जुन्या संगणकावरही अडत नाही. विकतच्या प्रोग्रॅमांत फ्रिट्झ आणि श्रेडर यांनी खेळाडूच्या ताकदीशी जुळवून घेणारे प्रतिस्पर्धी पूर्वीपासून दिले आहेत. कोमोडो ड्रॅगनमध्ये आक्रमक, बचावात्मक अशा वेगवेगळ्या स्वभावांनी खेळण्याची सोय आहे. ल्यूकास चेसमध्ये अगदी नवशिक्यांना झेपतील अशी अनेक दुबळी इंजिने एकत्र मिळतात. लहान मुलासाठी प्रोग्रॅम निवडत असाल, तर मी प्रथम तोच बसवून पाहायला सांगेन.

याची तपासणी अशी करावी. तुलनेतल्या प्रत्येक प्रोग्रॅमशी आपल्या रेटिंगच्या आसपासची पातळी लावून, दहा-दहा मिनिटांचे पाच डाव खेळावेत. डाव संपल्यावर यंत्राच्या मोठ्या चुका शोधाव्यात आणि प्रत्येक चुकीपुढे वहीत एकच गोष्ट लिहावी: आपल्या ओळखीचा, आपल्याच तोडीचा खेळाडू अशी चूक करेल का? पाच डावांत अर्ध्याहून अधिक चुकांना ‘नाही’ असे उत्तर आले, तर तो प्रोग्रॅम सरावाचा जोडीदार म्हणून बाद करावा. मग त्याचा पट कितीही देखणा असो.

विश्लेषण: उत्तर मिळते, कारण मिळते का

दुसरी मोठी कसोटी खेळून झालेल्या डावाच्या विश्लेषणाची आहे. येथेही आधी आकड्यांचा अर्थ लावून घ्यावा लागतो. पूर्वी ‘अधिक एक’ म्हणजे एका प्याद्याइतकी आघाडी असे मानले जाई. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून हा आकडा वेगळ्या पायावर बसवलेला आहे: ‘अधिक एक’ म्हणजे तितक्याच ताकदीच्या इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. इतर इंजिनांचे माप निराळे असते. त्यामुळे एका प्रोग्रॅमने ०.८ आणि दुसऱ्याने १.२ दाखवले म्हणून दुसरा अधिक आशावादी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. डावाच्या शेवटी टक्क्यांत दिला जाणारा ‘अचूकता’ हा आकडाही प्रत्येक संकेतस्थळ आपापल्या सूत्राने काढते. एकीकडे ८८ टक्के आणि दुसरीकडे ८१ टक्के आले, तर मुलाचा खेळ बिघडला आहे असे समजून त्याला रागावू नये.

विश्लेषणाची खरी परीक्षा घेण्यासाठी आपण स्वतः हरलेले तीन डाव निवडावेत: एक सुरुवातीत बिघडलेला, एक मधल्या टप्प्यात डावपेच चुकल्यामुळे गेलेला आणि एक शेवटच्या टप्प्यात हातचा सुटलेला. हेच तीन डाव प्रत्येक प्रोग्रॅमला द्यावेत आणि त्याने आपोआप लिहिलेल्या टिपा वाचाव्यात. नुसत्या प्रश्नचिन्हांच्या पुढे जाऊन तो काही सांगतो का? ‘ही चाल चुकली, कारण घोडा बांधला गेला’ असे शब्दांत येते का? एकाऐवजी तीन-चार पर्यायी चाली शेजारी शेजारी दाखवता येतात का? आपण लिहिलेली टीप आणि यंत्राची टीप वेगवेगळी राहते, की यंत्र आपले लिखाण पुसून टाकते? चेस डॉट कॉमचे डाव-परीक्षण शब्दांत समजावते आणि नवख्याला ते आवडते, पण मोफत खात्यात त्यावर मर्यादा आहेत. फ्रिट्झचे आपोआप विश्लेषणही शेऱ्यांसह येते. लीचेसचे विश्लेषण मोफत आहे, मात्र ते चुका दाखवते आणि कारण बव्हंशी आपल्यावर सोपवते. शिक्षक जवळ असेल तर लीचेस पुरते. मूल एकटेच शिकत असेल, तर शब्दांतल्या स्पष्टीकरणासाठी पैसे देणे मला रास्त वाटते.

या फरकाची खोली दाखवणारी एक जुनी स्थिती आहे, जी मी प्रत्येक नव्या प्रोग्रॅमवर मांडून पाहतो. पांढरा राजा ए१ वर, पांढरी प्यादी ए४, डी४, डी५ आणि एफ४ वर, काळा राजा ए७ वर, काळी प्यादी ए५, डी६ आणि एफ५ वर, चाल पांढऱ्याची. इमॅन्युएल लास्कर आणि गुस्टाव्ह राइखहेल्म यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९०१ सालची आहे आणि तिच्यात जिंकणारी एकच चाल आहे: राजा बी१ वर. राजा पुढे जाण्याऐवजी बाजूला सरकतो. एके काळी ही चाल शोधण्यासाठी इंजिनाला पुरेशी हॅश स्मृती लागे, म्हणून संगणक बुद्धिबळात ती कसोटी म्हणून वापरली जाई. आजचे स्टॉकफिश ती क्षणात सांगते. पण का? दोन्ही राजांची घरे एकमेकांशी बांधलेली आहेत, पांढरा राजा एका घरात आला की काळ्याला एका ठरावीक घरातच असावे लागते आणि पांढरा अशा रीतीने फिरतो की शेवटी काळ्याला ते घर वेळेवर गाठता येत नाही. हे स्पष्टीकरण आकड्यात येत नाही. ही स्थिती प्रोग्रॅमपुढे मांडा, उत्तर घ्या आणि मग त्याच्या शब्दांतल्या टिपा वाचा. ‘उत्तम चाल’ एवढेच येत असेल, तर त्या प्रोग्रॅमच्या ‘समजावून सांगण्याच्या’ जाहिरातीला किती वजन द्यायचे ते आपोआप ठरते.

डेटाबेस कोणाला लागतो

डेटाबेस हा सर्वांत महाग भाग असतो आणि बहुसंख्य खेळाडूंना तो लागत नाही. चेसबेसच्या मेगा डेटाबेसमध्ये एक कोटीहून अधिक डाव आहेत. त्यांतले पुष्कळ डाव टीपांसह आहेत, खेळाडूंची नावे एकसारखी केलेली आहेत आणि सुरुवातींची वर्गवारी नीट लावलेली आहे. डावांची नुसती संख्या आज फुकटही मिळते. मार्क क्राउदर १९९४ पासून दर आठवड्याला स्पर्धांचे डाव मोफत प्रसिद्ध करत आले आहेत आणि लीचेस आपल्याकडे खेळले गेलेले सर्व रेटिंगचे डाव दर महिन्याला उतरवून घ्यायला खुले ठेवते. पैसे द्यायचे ते निवड, टीपा आणि नीटनेटकेपणासाठी. जो खेळाडू दीर्घ वेळेच्या रेटिंग स्पर्धा नियमित खेळतो, ज्याचे प्रतिस्पर्धी आदल्या रात्री कळतात आणि त्यांचे जुने डाव ज्याला पाहायचे असतात, त्याला हे मोलाचे आहे. आपल्याकडच्या जिल्हा किंवा शालेय स्पर्धांतले डाव मात्र बहुतेक वेळा कोणत्याच डेटाबेसमध्ये नसतात. तेव्हा ‘प्रतिस्पर्ध्याची तयारी’ या कारणाने बारा वर्षांच्या मुलासाठी तो घेण्यात अर्थ नाही.

शेवटच्या टप्प्याच्या तक्त्यांबद्दलही एक शब्द. पटावर मोजकी मोहरी उरली की निकाल पूर्ण अचूक सांगणारे सिझिजी तक्ते मोफत मिळतात. पाच मोहऱ्यांपर्यंतचे तक्ते एका गिगाबाइटच्या आत बसतात, सहांचे सुमारे १५० गिगाबाइट होतात आणि सातांचे सुमारे १७ टेराबाइट. म्हणून पाचांचे घरी ठेवावेत आणि सातांचे लीचेसवर मोफत पाहावेत. ‘सात मोहऱ्यांचे तक्ते’ ही सोय पैसे घेऊन विकली जात असेल, तर तिच्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत.

आपले यंत्र, आपली वीज, आपले इंटरनेट

फ्रिट्झ आणि चेसबेस (त्याच नावाच्या कंपनीचा डेटाबेस प्रोग्रॅम) हे विंडोजवरचे प्रोग्रॅम आहेत. घरात मॅक असेल तर हायर्क्स चेस एक्सप्लोररसारखा पर्याय पाहावा लागतो. स्टॉकफिशच्या वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळ्या फाईली असतात. आपल्या प्रोसेसरला न चालणारी फाईल घेतली तर इंजिन सुरूच होत नाही आणि फार जुन्या यंत्रासाठीची फाईल नव्या यंत्रावर घेतली तर ते विनाकारण मंद चालते. आठ गिगाबाइट स्मृतीच्या लॅपटॉपवर एक ते दोन गिगाबाइट हॅश आणि प्रोसेसरचा एक गाभा (कोर) मोकळा सोडून बाकीचे धागे, ही मांडणी पुरेशी आहे. दोन प्रोग्रॅमांची तुलना करण्यापूर्वी दोघांतही ही मांडणी सारखी केलेली आहे का, हे पाहायला विसरू नये. एकात एकच धागा आणि दुसऱ्यात चार, अशी तुलना मी अनुभवी खेळाडूंकडूनही झालेली पाहिली आहे.

जिथे वीज आणि इंटरनेट वारंवार जाते, तिथे प्रोग्रॅम संपर्काविना किती चालतो हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. फोन विमान-मोडवर ठेवून एक डाव खेळावा, त्याचे विश्लेषण करावे आणि दहा कोडी सोडवून पाहावीत. काय बंद पडते ते पाच मिनिटांत कळते.

किमतीचा हिशेब

किंमत तीन प्रकारांनी घेतली जाते: एकदाच, वर्गणीने किंवा अजिबात नाही. एकदाच्या आणि वर्गणीच्या किमती शेजारी ठेवताना निदान तीन वर्षांचा हिशेब धरावा. समजा एक प्रोग्रॅम एकदाच ७,००० रुपयांना मिळतो आणि दुसऱ्याची वर्गणी वर्षाला ३,००० आहे. तर तीन वर्षांत दुसरा ९,००० ला पडतो आणि चौथ्या वर्षी वर्गणी थांबवली की हातात काही उरत नाही. पण ज्या मुलाची आवड अजून ठरलेली नाही, त्याच्यासाठी एका वर्षाची, किंवा मिळत असल्यास एका महिन्याची वर्गणीच स्वस्त आहे. हा निर्णय आकड्यांपेक्षा मुलाच्या गेल्या सहा महिन्यांतल्या उत्साहावरून घ्यावा.

एकदाच्या खरेदीत नव्या आवृत्त्यांचा मोह टाळता येतो. इंजिन मोफत बदलता येत असल्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या इंटरफेसमध्ये आजचे स्टॉकफिश बसवले की ताकदीच्या बाबतीत तो ताजाच असतो. नव्या आवृत्तीत सरावाची किंवा विश्लेषणाची कोणती नवी सोय आहे, एवढेच पाहून ती घ्यावी. खरेदीपूर्वी परवाना किती संगणकांवर चालतो, लॅपटॉप बिघडला तर तो नव्यावर हलवता येतो का, युरोत किंमत असेल तर कर आणि कार्डाचे शुल्क धरून ती रुपयांत किती होते, हे लेखी विचारून घ्यावे. चेसबेसची उत्पादने चेसबेस इंडिया भारतात रुपयांत विकते. परदेशी संकेतस्थळावरून थेट घेण्यापूर्वी तिथली किंमत पाहून घ्यावी.

माझा स्वतःचा निवाडा विचारला, तर पहिली दोन वर्षे शिकणाऱ्याने लीचेस, माया आणि ल्यूकास चेस यांवर एक रुपयाही खर्च न करता शिकावे. एकट्याने शिकणाऱ्या, शिक्षक नसलेल्या मुलासाठी शब्दांत समजावणाऱ्या संकेतस्थळाची वर्षभराची वर्गणी किंवा फ्रिट्झसारखा एकदाच घ्यायचा प्रोग्रॅम यांपैकी एक घ्यावा, दोन्ही नाही. सुमारे १८०० च्या पुढे गेलेला आणि दर महिन्याला स्पर्धा खेळणारा खेळाडू आपली सुरुवातींची तयारी फाईलमध्ये लिहू लागला, की मग डेटाबेस प्रोग्रॅमचा विचार करावा. ती फाईल पन्नास पानांची होईपर्यंत स्किड पुरते. केवळ अधिक ताकदीसाठी कोणतेही विकतचे इंजिन कोणीही घेऊ नये.

प्रोग्रॅम निवडून झाल्यावर पहिल्याच दिवशी दोन कामे करावीत. आपले आजवरचे सर्व डाव पीजीएन फाईलमध्ये काढून, ती फाईल प्रोग्रॅमबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा मेलमध्ये जपून ठेवावी आणि दर महिन्याला तिची नवी प्रत करावी. दुसरे म्हणजे मुलाला स्पष्ट सांगावे की, दुसऱ्या माणसाशी ऑनलाइन डाव सुरू असताना इंजिन उघडायचे नाही. संकेतस्थळे अशी मदत शोधून काढतात आणि खाते बंद करतात. त्या खात्यावरचे डाव गेले, तरी पेन ड्राइव्हवरची प्रत हाती राहते. पण फसवणूक केल्याची मुलाला वाटणारी लाज तिथे साठवून ठेवता येत नाही.